लॉग पाहिला का?

कॅन्टीनचा चहा एके दिवशी कडू लागला. टेबलावर आम्ही सहा जण होतो. सहाही जणांनी तोंडं वाकडी केली आणि कॅन्टीनवाल्याच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली. सातव्या खुर्चीवर आमचे साहेब बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि खिशातून छोटी वही काढली.

"आज सकाळचा पहिला चहा इथे कोणी घेतला? किती वाजता? तेव्हा कडू होता का?"

वेळ आमच्यापैकी कोणीच पाहिली नव्हती.

"मग तक्रार कशाच्या जोरावर करणार?" असं म्हणून त्यांनी तो कडू चहा शांतपणे संपवला आणि वहीत वेळ लिहून ठेवली. दुसऱ्या दिवशी चहा नेहमीसारखा होता. त्याचीही वेळ त्यांनी लिहिली.

साहेब म्हणजे आमच्या कॉम्प्युटर विभागाचे सुपरवायझर. कारखाना पिंपरीला, माल गिअरबॉक्सचा आणि काळ एकोणीसशे ऐंशीच्या आगेमागचा. तेव्हा कॉम्प्युटर टेबलावर मावत नसे. त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र एअरकंडिशनर आणि आत जाताना चपला बाहेर. उन्हाळ्यात शॉपमधले, यंत्रांवर काम करणारे लोक काही ना काही निमित्त काढून आमच्याकडे येत, ते त्या गारव्यासाठी. साहेब मात्र बाराही महिने आत चॉकलेटी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसायचे.

खोलीच्या मधोमध कन्सोल होता. कन्सोल म्हणजे मशीनला जोडलेला टाइपरायटरच. माणसाने मशीनला काय सांगितलं आणि मशीनने त्यावर काय उत्तर दिलं, ते सगळं वेळेसकट त्याच्या कागदाच्या रोलवर उमटत जाई. यालाच लॉग म्हणायचे. इतर कंपन्यांत हा कागद महिन्याभरात रद्दीत जात असे. आमच्याकडे साहेब रोज संध्याकाळी दिवसाचा कागद कापून घ्यायचे, त्याची गुंडाळी करून सुतळीने बांधायचे आणि वर तारीख घालून लोखंडी कपाटात ठेवायचे. कपाटाला कुलूप नव्हतं. "कोणालाही कधीही वाचता आलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. वाचणारे ते एकटेच होते. दुसऱ्या दिवशी डबा खाताना एका हातात पोळीचा घास आणि दुसऱ्या हातात तांबडी पेन्सिल, असे ते आदल्या दिवसाचा लॉग पहिल्या ओळीपासून वाचत. कन्सोलच्या खुर्चीत बसणाऱ्याने सगळ्यात आधी आपली आद्याक्षरं टाइप करायची, हा नियमही त्यांचाच.

ही शिस्त त्यांनी देहूरोडहून आणली होती. तिथे लष्कराच्या कुठल्याशा डेपोत त्यांनी तरुणपणी बरीच वर्षं रजिस्टरं सांभाळली होती. कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण त्यांचं काहीच नव्हतं, आणि आम्हा चार प्रोग्रॅमरांचं होतं. त्यामुळे आम्ही त्यांना माघारी 'रोजनामचा' म्हणायचो. ते मात्र सगळ्यांना अहो-जाहो करत. आम्हाला, शिपायाला आणि मशीनलासुद्धा. कुठलाही प्रोग्रॅम अडकला की म्हणत, "थांबा, ते काय म्हणतायत ते आधी वाचा." ते म्हणजे मशीन.

आमचं आणि त्यांचं खटकायचं ते ऑपरेटिंग सिस्टीमवरून. मशीनचा सगळा गाडा हाकणारा हा मूळ प्रोग्रॅम परदेशातून यायचा. त्याला दोष दिला की इथल्या कोणाचंच मन दुखावत नसे. आम्ही त्याचा भरपूर फायदा घ्यायचो. रिपोर्ट चुकला, सिस्टीमचा दोष. काम अर्ध्यात बंद पडलं, सिस्टीमचा दोष. मग मशीन पुरवणाऱ्या मुंबईच्या कंपनीला एक खरमरीत इंग्रजी पत्र लिहायचं आणि सहीसाठी मॅनेजरकडे पाठवायचं. ते पत्र साहेबांच्या टेबलावरून जाई आणि तिथेच अडके.

"लॉग पाहिला का?"

"साहेब, उघड दिसतंय, सिस्टीमच चुकतेय."

"असेल. लॉग पाहिला का?"

पाहिला की दहातल्या नऊ वेळा आमचंच काहीतरी निघायचं. त्यांनी स्वतः इतक्या वर्षांत मुंबईला तीनच तक्रारी धाडल्या होत्या. प्रत्येक पत्र एका पानाचं, आणि त्यात बहुतेक लॉगच्या ओळी जशाच्या तशा उतरवलेल्या. तिन्ही तक्रारी परदेशापर्यंत गेल्या आणि तिन्ही मान्य होऊन दुरुस्त्या आल्या. मुंबईच्या इंजिनिअरला आमच्या मॅनेजरचं नाव आठवत नसे, पण साहेबांचा लॉग त्याला माहीत होता. साहेबांना अभिमान म्हणून काही असेल तर तो एवढाच.

घरीही वेगळं काही नव्हतं. चिंचवडला त्यांच्याकडे एकदा जेवायला गेलो होतो. वहिनी वाढता वाढता सांगत होत्या, "नवा कुकर बिघडला म्हटलं, तर मला विचारतात, शेवटची शिटी किती वाजता झाली! मी दोन दिवस बोलले नाही."

"अडीच दिवस," साहेब म्हणाले.

कंपनीत येण्याची त्यांची बस रोज चुकायची. कंट्रोलरकडे जाऊन भांडा, असं सगळ्यांनी सुचवलं. त्यांनी महिनाभर थांब्यावर उभं राहून बसच्या वेळा टिपल्या. महिन्याच्या शेवटी निघालं असं की बस वेळेवर होती आणि साहेबांचं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं. दुसरा कोणी गप्प बसला असता. हे कंट्रोलरला जाऊन सांगून आले की तुमची बस बरोबर आहे. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं यात काहीतरी डाव आहे.

आता दत्तूबद्दल सांगायला हवं. दत्तू आमचा टेप ऑपरेटर. घर मोशीला. घरची जमीन कारखान्यांसाठी गेलेली, आणि घरात पगाराची नोकरी मिळालेला हा पहिलाच. कामाला वाघ होता, पण अजून कायम झाला नव्हता. सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. मशीनचा बहुतेक सगळा मजकूर तेव्हा टेपवर असे, मोठमोठ्या रिळांवर. प्रत्येक टेप अमुक तारखेपर्यंत जपायची, असं तिच्यावरच लिहिलेलं असे. मुदत उलटलेल्या टेपांची यादी मशीन रोज सकाळी कन्सोलवर छापायचं. दत्तूने त्या यादीप्रमाणे टेपा काढून 'रिकाम्या' टेपांच्या रॅकमध्ये ठेवायच्या, म्हणजे त्यांच्यावर नवीन मजकूर लिहिता येई.

त्या वर्षी मार्चअखेर नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली. एप्रिलच्या नऊ तारखेला साहेबांनी तळेगावच्या लग्नासाठी एका दिवसाची रजा घेतली. सकाळी मशीन सुरू करायचं काम ते स्वतः करत, ते त्या दिवसापुरतं माझ्याकडे आलं. सूचनांची चार पानं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली होती. मी पहिलं पान वाचलं. मशीन सुरू करण्यात काय एवढं, असा माझा रुबाब होता.

मशीनने आद्याक्षरं विचारली, मी टाइप केली. तारीख विचारली, तीही टाइप केली. थोड्या वेळाने दत्तू कन्सोलजवळ येऊन उभा राहिला. आम्हा प्रोग्रॅमरांनाही तो साहेबच म्हणायचा.

"साहेब, आज यादी लई मोठी आलीया."

"मग?"

"न्हाई, रोज धा-बारा असत्यात. आज साठ हायेत. स्टोअरच्या बी हायेत यात."

"मशीनपेक्षा तू शहाणा झालास का? यादीत आहेत ना? मग टाक."

त्याने टाकल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला स्टोअरचं काम लावलं आणि कळलं की सगळ्या सुट्या भागांच्या साठ्याची टेप पुसून तिच्यावर दुसरंच काही लिहिलं गेलंय. तिची आधीची प्रतही गेली होती. कारखान्यात कुठलं बेअरिंग किती शिल्लक आहे, हे सांगणारं काही राहिलं नाही. स्टोअरची माणसं हातात कागद घेऊन एकेक फळी मोजायला लागली. आमचे मॅनेजर टेपांच्या रॅकसमोर उभे राहून ओरडत होते, आणि समोर दत्तू.

"यादीत व्हतं म्हून टाकलं साहेब. म्या माझ्या मनानं न्हाई टाकलं."

मॅनेजरनी तीच यादी पुन्हा छापून मागितली. तिच्यात स्टोअरची एकही टेप नव्हती. दत्तू खोटं बोलतोय, असं तिथेच ठरल्यासारखं झालं. यादी तर आली होती, हे मला ठाऊक होतं. म्हणजे काल सिस्टीमने चुकीची यादी दिली! मला खरोखर आनंद झाला. नव्या ऑपरेटिंग सिस्टीममधला एवढा मोठा दोष मी पकडणार होतो. जेवणाच्या सुट्टीआधी मी दोन पानी पत्र तयार केलं. दत्तूलाही म्हटलं, "काळजी करू नकोस, तुला मी सोडवतो."

पत्र साहेबांच्या टेबलावर गेलं. सकाळपासूनच्या गोंधळात त्यांचा डबासुद्धा उघडायचा राहिला होता.

"कालचा लॉग पाहिला का?"

"आता पाहतो. पत्राला जोडूनच टाकतो."

कपाटातून मी नऊ तारखेची, आदल्या संध्याकाळी मीच बांधून ठेवलेली गुंडाळी काढली आणि उलगडली. सुरुवातीलाच माझी आद्याक्षरं. खाली मशीनचा प्रश्न, तारीख काय? आणि माझं उत्तर, ०९/०४. त्या प्रश्नाच्या शेजारी मशीनने बारीक अक्षरांत लिहिलं होतं की आधी महिना, मग दिवस. जुन्या सिस्टीमला आधी दिवस लागायचा, नवीला आधी महिना. साहेबांच्या सूचनांच्या दुसऱ्या पानावर हेच ठळक लिहिलं होतं, ते मी नंतर वाचलं. मी लिहिलेलं नऊ एप्रिल मशीनने चार सप्टेंबर असं घेतलं. सप्टेंबर उजाडला म्हटल्यावर मुदत उलटलेल्या टेपांची यादी साठाची होणारच. दहा तारखेला साहेबांनी तारीख बरोबर घातली, म्हणून पुन्हा छापलेल्या यादीत त्या टेपा नव्हत्या. पंचवीस एप्रिलला हा घोळ झाला असता तर मशीनने ती तारीख परतच केली असती, कारण पंचविसावा महिना कुठेच नसतो. नऊ तारखेला त्याला काही खटकलं नाही. आणि दिवसभर प्रत्येक रिपोर्टवर ०९/०४ छापलं गेलं, ते आम्ही सगळ्यांनी नऊ एप्रिल असंच वाचलं. चुकलो होतो मी, आणि जाब दत्तूला विचारला जात होता.

मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. पोलादी पट्टी ठेवून वरचा हातभर कागद मी फाडला, घडी घालून पँटच्या खिशात टाकला आणि उरलेली गुंडाळी साहेबांना नेऊन दिली.

त्यांनी पहिली ओळ पाहिली, कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"सुरुवात दिसत नाही."

"असेल तेवढाच आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागद गुंडाळला आणि सुतळी बांधली.

मॅनेजरनी मुंबईला ट्रंक कॉल करून इंजिनिअरला बोलावून घेतलं. चार दिवसांनी तो आला. तेवढे चार दिवस तो कागद माझ्या खिशात होता. रोज पँट बदलली की तो या खिशातून त्या खिशात जाई. टाकून का दिला नाही, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. दत्तू त्या दिवसांत माझ्याकडे आशेने बघायचा. मी त्याला टाळण्यासाठी जेवायची वेळ बदलली.

मीटिंग मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. मॅनेजर, मुंबईचा इंजिनिअर, साहेब आणि मी. दत्तू दाराशी उभा. टेबलावर त्याच्या नोकरीची फाइल होती. शनिवारी त्याची मुदत संपत होती.

इंजिनिअर हसून साहेबांना म्हणाला, "तुमचा लॉग असेल तर मला दुसरं काही तपासायची गरज नाही. द्या."

साहेबांनी गुंडाळी टेबलावर ठेवली. "हा रोल अपूर्ण आहे. सुरुवातीचा भाग नाही."

"तुमच्याकडचा रोल? अपूर्ण?"

"हो. सांभाळायची जबाबदारी माझी होती. तेव्हा आम्हाला सिस्टीमवर आरोप करता येत नाही."

त्यांचे कान लाल झाले होते. इंजिनिअरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मॅनेजर खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे दत्तूच."

"तसंही म्हणता येत नाही."

"मग काय म्हणता येतं तुम्हाला? मला शनिवारच्या आत काहीतरी लिहायचंय." मॅनेजर दाराकडे वळले. "काय रे, एवढी मोठी यादी आली म्हणतोस, ती कोणाला दाखवलीस?"

दत्तूने माझ्याकडे पाहिलं. मग खाली फरशीकडे.

"न्हाई साहेब. कुणाला न्हाई दावली."

का म्हणाला तसं, देव जाणे. वरच्या माणसाचं नाव घेऊन नोकरी टिकत नाही, असं त्याला वाटलं असेल. किंवा मी त्याला सोडवतो म्हणालो होतो, त्याच्यावर अजून विश्वास असेल. मला तिथे बसवेना. माझी मलाच किळस आली. मी उठलो आणि खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला.

"यादी त्याने मला दाखवली होती. टाक म्हणून मी सांगितलं. तारीख मी चुकवली, आणि हा कागद मीच फाडलाय."

साहेबांनी कागदाच्या घड्या तळहाताने सपाट केल्या आणि नेहमीच्या आवाजात पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. सात वाजून बावन्न मिनिटं. आद्याक्षरं. तारीख. यादी. माझी आद्याक्षरं त्यांनी गाळली नाहीत आणि त्यांच्यावर जोरही दिला नाही. साठच्या साठ टेपांचे नंबरही त्यांनी वाचले.

मला मेमो मिळाला आणि त्या वर्षीची बढती गेली. दत्तू शनिवारी कायम झाला. साहेबांनी माझा तुकडा डिंकाने मूळ जागी चिकटवला आणि जोडावर सही करून वेळ घातली. माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागत राहिले. मी ते माझं नशीब समजलो.

दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी मला त्यांच्या ड्रॉवरमधून टेपांचं रजिस्टर आणायला पाठवलं. रजिस्टरखाली घडी घातलेला छपाईचा कागद होता. मी उघडला. तोच मजकूर. माझी आद्याक्षरं, माझी तारीख, साठ टेपांची यादी. नव्या सिस्टीममध्ये लॉगची एक प्रत आतल्या डिस्कवरही राहते, असं तिच्या जाडजूड पुस्तकाच्या शेवटी कुठेतरी लिहिलेलं होतं. ते पुस्तक शेवटपर्यंत वाचणारा माणूस आमच्या विभागात एकच होता. कागदावर छापल्याची तारीख मीटिंगच्या आदल्या दिवसाची होती.

मी रजिस्टर आणि तो कागद, दोन्ही घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"तुम्हाला आधीच माहीत होतं."

"हो."

"मग मीटिंगमध्ये..."

"रोल अपूर्ण आहे म्हणालो. तो अपूर्णच होता."

"आणि मी उठलो नसतो तर?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तर काढावा लागला असता. दत्तूचं पोट होतं त्याच्यावर. मीटिंगला हा कागद माझ्या खिशातच होता." मग म्हणाले, "पण मला तो काढायचा नव्हता हो."

एवढं बोलून त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं आणि पान उघडलं. मुंबईच्या त्या इंजिनिअरसमोर त्यांनी मान खाली घातली, ती मला उठायला थोडा वेळ मिळावा म्हणून. मी तिथेच उभा राहून रडलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझं आवरेपर्यंत ते तेच एक पान वाचत राहिले.